पिवळं बाळ, पांढरी शी

नवजात बाळाला कावीळ झाली की आपल्याकडे घरातली मोठी माणसं फारशी दचकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या ऐंशीएक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच. गर्भावस्थेतल्या जादा तांबड्या पेशी जन्मानंतर भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं, आणि नुकतंच कामाला लागलेलं यकृत ते तितक्या वेगाने हातावेगळं करू शकत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिवळेपणा सर्वांत जास्त दिसतो, काही बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, आणि दोन आठवड्यांत बहुतेकांचा रंग निवळतो. ‘कोवळं ऊन दाखवा, उतरेल,’ असं आजी म्हणते आणि खरोखरच कावीळ उतरते.

हा अनुभव इतक्या घरांनी इतक्या वेळा घेतलेला असतो की त्यावर विश्वास बसतो, आणि हाच विश्वास कधीतरी एखाद्या बाळाच्या मुळावर येतो. कारण साधारण अडीच हजार बाळांमागे एका बाळाची कावीळ वेगळी असते. तिचं कारण यकृताच्या कोवळेपणात नसतं. यकृताने बिलिरुबिनवर प्रक्रिया केलेली असते, ते पित्तात मिसळलेलंही असतं, पण ते पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नाही. कुठेतरी वाट अडलेली असते किंवा यकृताच्या पेशीच पित्त बाहेर टाकत नसतात.

या दोन काविळी वेगळ्या ओळखायला रक्ताची एक साधी तपासणी पुरते. लॅबच्या कागदावर ‘टोटल’ आणि ‘डायरेक्ट’ असे बिलिरुबिनचे दोन आकडे असतात. पहिल्या आठवड्यातल्या नेहमीच्या काविळीत डायरेक्टचा आकडा नगण्य असतो. तो एका डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर गेला की पुढचा तपास लागतोच. घरी याच गोष्टीच्या दोन खुणा दिसतात. डायरेक्ट बिलिरुबिन पाण्यात विरघळतं, म्हणून ते लघवीतून उतरतं. तान्ह्या बाळाची शू एरवी जवळजवळ बिनरंगी असते, पण या बाळाच्या लंगोटावर गडद पिवळे डाग पडतात. आणि शीला जो पिवळा किंवा हिरवट रंग येतो तो पित्तामुळे. पित्तच उतरलं नाही, तर ती फिकट होत होत शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते.

घोटाळा असा, की बाळ आजारी वाटत नाही. ते दूध पितं, सुरुवातीला वजनही धरतं, सहाव्या आठवड्यात आईकडे बघून हसतं. डोळ्यांचा पिवळेपणा तेवढा उरलेला असतो, तोही दिव्याच्या उजेडात लक्षात येत नाही. मग चर्चा सुरू होते: आईने हळद जास्त खाल्ली असेल, आईचं दूधच पिवळं असेल, अजून जरा ऊन द्यायला हवं. आईच्या दुधामुळे लांबणारी कावीळ खरोखरच असते आणि ती निरुपद्रवी असते. परंतु तिच्यात डायरेक्टचा आकडा वाढत नाही, शू रंगत नाही आणि शी पांढरी होत नाही. कावीळ चौदा दिवसांपुढे टिकली, तर डायरेक्ट बिलिरुबिन मोजल्याशिवाय कोणत्याही बाळाला ‘दुधाची कावीळ’ म्हणू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला फार तर एकवीस दिवसांची मुभा द्यावी. शी पांढरी असेल तर चौदा दिवसांचीही वाट बघायची नाही.

एवढी घाई कशासाठी, हे कळायला या काविळीमागच्या सर्वांत वाईट कारणाकडे जावं लागतं. त्याचं नाव बिलिअरी अट्रीशिया. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून निघणाऱ्या पित्तनलिका एकत्र येतात, त्यांना पित्ताशयाची नलिका मिळते, आणि ही एकत्रित नलिका लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये उघडते. अट्रीशियाच्या बाळात यकृताबाहेरच्या या नलिका सुजतात, आक्रसतात आणि जन्मानंतरच्या काही आठवड्यांत बुजून त्यांचे तंतू उरतात. पित्त यकृतातच तुंबतं आणि यकृताला जाळत राहतं. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आत दगावतात. हा आजार युरोप-अमेरिकेत साधारण दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. तैवानमध्ये त्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. पित्त तुंबल्याने कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांपैकी सुमारे एकतृतीयांश बाळांमध्ये हेच कारण सापडतं.

हा आजार का होतो, याचं पक्कं उत्तर वैद्यकाला अजून मिळालेलं नाही. एक धागा मात्र विलक्षण आहे आणि तो ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांकडून आला. न्यू साउथ वेल्समध्ये १९६४ आणि १९८८ साली आणि पुन्हा २००७ साली गाभण मेंढ्यांना अशी कोकरं झाली, की ज्यांच्या पित्तनलिका बुजलेल्या होत्या. प्रत्येक वेळी दुष्काळ होता, धरणाचं पाणी आटलेलं होतं, आणि उघड्या पडलेल्या गाळपेरावर उगवलेली एक वनस्पती मेंढ्यांनी खाल्ली होती. त्या वनस्पतीतून फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी एक विषारी द्रव्य वेगळं काढलं आणि २०१५ साली जाहीर केलं. झेब्राफिशच्या पिल्लांमध्ये हे द्रव्य नेमक्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका उद्ध्वस्त करतं. माणसाच्या आयांनी असं काही खाल्लं, असा कुठलाही पुरावा नाही, आणि कोणत्याही आईने आपल्या गरोदरपणातल्या ताटात याचं कारण शोधू नये. पण एखादी बाहेरची गोष्ट गर्भाच्या इतक्या नेमक्या जागी घाव घालू शकते, एवढं त्या कोकरांनी दाखवून दिलं.

एडिंबरोच्या जॉन थॉमसन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अट्रीशियाच्या बाळांची वर्णनं गोळा केली, तेव्हा त्यांच्यासाठी करण्यासारखं काहीच नव्हतं. १९१६ साली अमेरिकेत होम्स यांनी दाखवलं, की काही थोड्या बाळांत नलिकेचा वरचा तुकडा शाबूत असतो आणि तो आतड्याला जोडता येईल. बोस्टनचे विल्यम लॅड यांनी १९२८ साली तशी जोडणी यशस्वी झाल्याचं मांडलं. मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक बाळांत सगळं यकृताच्या दारापाशीच बुजलेलं असतं, तिथे जोडायला नलिकाच उरत नाही. या बाळांची शस्त्रक्रिया म्हणजे पोट उघडायचं, पाहायचं आणि पुन्हा शिवायचं, असा प्रकार होता.

यात बदल झाला तो जपानमध्ये. सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई १९५५ साली अशाच एका बाळावर शस्त्रक्रिया करत होते. यकृताच्या दाराशी खरवडताना रक्त थांबेना, म्हणून त्यांनी आतड्याचा भाग तिथे दाबून शिवला, असं सांगितलं जातं. काही दिवसांनी बाळाच्या शीला रंग आला. नलिका डोळ्यांना दिसत नसल्या तरी त्या तंतूंच्या गाठीत सूक्ष्म वाटा शिल्लक होत्या, आणि गाठ कापून त्यावर थेट आतडं शिवल्यावर पित्त वाहू लागलं. कासाई यांनी १९५९ साली हे जपानी भाषेत प्रसिद्ध केलं, इंग्रजीत ते यायला १९६८ साल उजाडलं. आज जगभर ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या सूक्ष्म वाटा फार काळ उघड्या राहत नाहीत आणि सगळी घाई त्यामुळेच आहे. बाळ साठ दिवसांचं होण्याआधी कासाई शस्त्रक्रिया झाली तर निम्म्याहून अधिक बाळांत पित्त वाहतं, आणि दीड महिन्याच्या आत झाली तर आणखी चांगलं. नव्वद दिवस उलटले की यशाचं प्रमाण झपाट्याने घसरतं, कारण तोवर यकृतही कडक झालेलं असतं. मग उरतो तो यकृत प्रत्यारोपणाचा मार्ग. माणसात यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये केला, तोही अट्रीशियाच्याच तीन वर्षांच्या मुलावर, आणि तो मुलगा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. भारतात १९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात तमिळनाडूतल्या वीस महिन्यांच्या एका मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला. त्यालाही हाच आजार होता. तो मुलगा मोठा होऊन डॉक्टर झाला. प्रत्यारोपणाची ही दारं उघडली हे खरंच मोठं आहे, पण मोठा खर्च, घरातल्याच कुणाचं तरी यकृत आणि आयुष्यभराची औषधं, हे सगळं त्याबरोबर येतं. कासाई वेळेत झाली, तर काही मुलांना ते कधीच लागत नाही आणि पुष्कळांना काही वर्षांचा अवधी मिळतो.

आता अडचण अशी, की पांढरी शी आणि वाढलेलं डायरेक्ट बिलिरुबिन दिसलं म्हणजे अट्रीशियाच असेल असं नाही. यकृताची सूज, जंतुसंसर्ग, चयापचयाचे जन्मजात विकार, अलाजील सिंड्रोमसारखे जनुकीय आजार, नलिकेत घट्ट झालेल्या पित्ताचा गोळा, पित्तनलिकेला आलेला फुगा, या सगळ्यांचं चित्र वरून सारखंच दिसतं. आणि त्यांचे उपचार वेगळे, काही वेळा अगदी उलटे. गॅलॅक्टोसेमियाच्या बाळाचं दूध तातडीने बदलावं लागतं, सर्जनचं तिथे काही काम नाही. अलाजीलच्या बाळात नलिका मुळातच इतक्या बारीक असतात की शस्त्रक्रियेच्या टेबलावरही त्या बुजल्याचा भास होतो, आणि अशा बाळावर कासाई केली तर त्याचं नुकसान होतं. म्हणजे एका बाजूला उशीर झाला तर यकृत जातं, दुसऱ्या बाजूला घाईत पोट उघडलं तर एका आजारी तान्ह्या जिवाला नको ती शस्त्रक्रिया सोसावी लागते.

तपासण्या पुष्कळ आहेत. सोनोग्राफी सर्वांत आधी होते, बाळाला काही तास उपाशी ठेवून. आक्रसलेलं, वेडंवाकडं पित्ताशय दिसलं तर संशय बळावतो. यकृताच्या दाराशी तंतूंची त्रिकोणी पट्टी दिसणं ही खूण कोरियातल्या डॉक्टरांनी १९९६ साली मांडली, आणि ती अनुभवी नजरेला दिसली तर बरंच काही सांगून जाते. पण काही अट्रीशियाच्या बाळांत पित्ताशय अगदी नेहमीसारखं दिसतं. त्यानंतर हायडा स्कॅन: शिरेतून किरणोत्सारी द्रव्य द्यायचं आणि ते पित्ताबरोबर आतड्यात उतरतं का ते पाहायचं. उतरलं तर वाट मोकळी आहे. न उतरलं तर मात्र अट्रीशिया असेल किंवा यकृत इतकं सुजलेलं असेल की ते द्रव्य उचलूच शकत नसेल. या स्कॅनआधी पाच दिवस फेनोबार्बिटोन द्यायची पद्धत आहे. पन्नास दिवसांच्या बाळासाठी हे पाच दिवस फार महाग पडतात. यकृताची बायोप्सी बहुतेकदा योग्य दिशा दाखवते, परंतु फार लवकर घेतली तर तीही फसवू शकते. अंतिम पुरावा मानला जातो तो शस्त्रक्रियेवेळचा कोलँजिओग्राम. पोट उघडून पित्ताशयात रंगद्रव्य सोडायचं, एक्स-रे घ्यायचा आणि बुजलेल्या नलिकेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अमेरिका आणि युरोपच्या बालयकृततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनातही निर्णायक ठरवलंय ते यालाच.

मग साहजिकच विचार येतो, की हाच कोलँजिओग्राम पोट न उघडता, तोंडातून दुर्बीण घालून, खालच्या बाजूने घेता येईल का? मोठ्या माणसांत हे रोज होतं, त्याला ईआरसीपी म्हणतात. पित्ताच्या खड्यांसाठी ईआरसीपी झालेलं एखादं माणूस आता जवळपास प्रत्येकाच्या नात्यात सापडतं. वॉशिंग्टनमधल्या विल्यम मॅक्यून यांनी १९६८ साली पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्तनलिकेच्या तोंडात नळी घालून दाखवली, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत जपानी डॉक्टरांनी बाजूने पाहणारी खास दुर्बीण वापरून ते तंत्र पक्कं केलं. १९७६ साली अमेरिकेत जेरोम वे यांनी साडेतीन महिन्यांच्या बाळाची ईआरसीपी केल्याचं प्रसिद्ध केलं. ते धाडसच होतं, कारण मोठ्यांची दुर्बीण ११ ते १३ मिलिमीटर जाडीची असते आणि तान्ह्या बाळाच्या घशात ती मावत नाही. पुढे जपानमध्ये साडेसात मिलिमीटर जाडीची, दोन मिलिमीटरचा आतला मार्ग असलेली दुर्बीण तयार झाली आणि हे काम नवजातांपर्यंत येऊन पोहोचलं.

समजा, सात आठवड्यांचं, चार किलोचं बाळ आहे. सोनोग्राफीत पित्ताशय लहान आहे पण आहे, बायोप्सीचा निकाल निर्णायक नाही. अशा बाळाला टेबलावर घेण्याआधी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं लागतं. पित्ताशिवाय आतड्यात स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत, त्यांच्याबरोबर के जीवनसत्त्वही शोषलं जात नाही, आणि मग रक्त गोठेनासं होतं. लस टोचल्यावर थांबेना झालेलं रक्त किंवा नाकातून आलेलं रक्त हीच काही बाळांत या आजाराची पहिली ओळख ठरते, आणि काहींत, दुर्दैवाने, मेंदूतला रक्तस्राव. खोली गरम ठेवतात, कारण चार किलोचा देह उघड्यावर भराभर गार पडतो. भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी बसवतात. दुर्बिणीचा दाब श्वासनलिकेवर पडतो, आणि पोटात जरा जास्त हवा गेली तरी पोट आणि छाती यांमधला पडदा वर ढकलला जाऊन श्वास अडतो, म्हणून हवा अगदी जपून सोडायची.

दुर्बीण जठरातून ड्युओडेनममध्ये उतरते. इथे पहिली गोष्ट पाहायची ती आतड्यातला रंग. तिथे पिवळसर हिरवं पित्त साचलेलं दिसलं, तर अट्रीशियाचा प्रश्न जवळपास तिथेच मिटतो आणि पुढचं सगळं निश्चिंत मनाने करता येतं. आतडं नुसतंच पांढुरकं दिसलं तर पॅपिला शोधायची. आतड्याच्या भिंतीवरचा हा काही मिलिमीटरचा उंचवटा, त्याच्या टोकाशी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका यांचं एकत्र तोंड. त्यात निमुळत्या टोकाची नळी सरकवायची, पातळ केलेलं आयोडीनयुक्त रंगद्रव्य थेंबाथेंबाने सोडायचं आणि एक्स-रेच्या पडद्यावर नजर ठेवायची. तान्ह्या बाळाची निरोगी पित्तनलिका जेमतेम एक ते दीड मिलिमीटर रुंद असते. पुष्कळदा आधी स्वादुपिंडाचीच नलिका भरते. ती पुन्हा पुन्हा भरली तर स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून हात आवरता घ्यावा लागतो, नळी किंचित मागे घेऊन कोन बदलावा लागतो. हे सारं काही मिनिटांचं काम आहे, पण ते जमायला वर्षांचा सराव लागतो, आणि अशी बाळं एकाच केंद्रात पुरेशी येत नसतील तर तो सराव होतच नाही.

पडद्यावर काय दिसतं ते कसं वाचायचं, याची मांडणी व्हेनेझुएलाच्या काराकास शहरातले मोइसेस ग्वेलरूद यांनी १९९० च्या सुमारास केली. पित्ताची एकही नलिका भरली नाही तर तो पहिला प्रकार. दुसऱ्यात खालची नलिका आणि पित्ताशय भरतं, पण यकृताकडे जाणारा भाग दिसत नाही. तिसऱ्यात त्या भागाचा एखादा तुकडा आणि यकृताच्या दाराशी साठलेल्या पित्ताची डबकी दिसतात. आणि निरोगी बाळात रंगद्रव्य वर चढत जातं, यकृतात शिरतं, तिथल्या बारीक फाट्यांपर्यंत पोहोचतं. तो क्षण पाहणाऱ्या प्रत्येकासाठी मोठा असतो. त्या एका चित्राने अट्रीशियाचं नाव खोडलं जातं आणि बाळाचं पोट उघडण्याचं कारणच उरत नाही.

माझ्या मते या तपासणीचं खरं मोल या होकारात आहे. नलिका भरलेली दिसली की उत्तर पक्कं. ती भरली नाही, तर उत्तर तितकं पक्कं नसतं. नलिका खरंच बुजलेली असेल, किंवा नळीचा कोन चुकला असेल, पॅपिला फारच लहान असेल, आतला मार्ग घट्ट पित्ताने तात्पुरता अडला असेल. स्वादुपिंडाची नलिका व्यवस्थित भरली आणि योग्य जागेवरून वारंवार प्रयत्न करूनही पित्तनलिका भरत नाही, असं अनुभवी हाताला आढळलं तर अट्रीशियाचा संशय बराच वाढतो, तरीही शेवटचा शब्द सर्जनचाच राहतो. हायडा स्कॅनच्या बाबतीतही नेमकं हेच घडतं. नकाराला होकाराइतकं वजन देऊन चालत नाही, आणि हे रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आईवडिलांना कुणीतरी नीट बसवून समजावून सांगायला हवं. ‘दुर्बिणीत काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.

म्हणूनच ही तपासणी प्रत्येक पिवळ्या बाळासाठी नाही. ज्या बाळाचं चित्र सोनोग्राफी आणि बायोप्सीत स्पष्ट अट्रीशियाचं आहे, त्याला थेट शस्त्रक्रियेकडे न्यावं. दुर्बिणीसाठी दुसऱ्या शहरातली तारीख मिळवण्यात आठवडा घालवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने २००९ साली आपला अनुभव मांडताना असाच निवडक वापर सुचवला होता. ज्यांच्या बाबतीत बाकीच्या तपासण्यांनी कौल दिलेला नाही, अशा बाळांसाठी ती ठेवावी, आणि जिथे तज्ज्ञ आणि बालकांची दुर्बीण दोन्ही आहेत तिथेच ती करावी. लहान दुर्बिणी जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. आतडं फाटणं, रक्तस्राव, स्वादुपिंडाची सूज असे धोके कमी असले तरी शून्य नाहीत.

दुर्बिणीचा दुसरा उपयोग मला अधिक आशादायक वाटतो. काही बाळांत अडथळा नलिकेच्या आत असतो. रक्तपेशी फार मोडल्याने किंवा दीर्घकाळ शिरेतून पोषण द्यावं लागल्याने पित्त घट्ट होतं आणि त्याचा गोळा अडकतो, क्वचित खडाही असतो. अशा वेळी त्याच नळीतून सलाईन सोडून नलिका धुता येते, गरज पडली तर तोंड थोडं रुंद करून खडा काढता येतो. पित्तनलिकेला फुगा असेल तर स्वादुपिंडाची नलिका तिला कुठे आणि कशी मिळते, हे सर्जनला आधीच कळतं. जे बाळ मोठ्या शस्त्रक्रियेच्या भीतीने आलं होतं, ते काही दिवसांत पिवळ्या शीसह घरी जातं.

रक्ततपासणीकडूनही अपेक्षा आहेत. एमएमपी-७ नावाचं एक प्रथिन अट्रीशियाच्या बाळांत खूप वाढतं, हे सिनसिनाटीच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं आणि नंतर इतर देशांतही ते पडताळलं गेलं. टेक्सासमधल्या संजीव हार्पावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २०११ साली जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की पुढे अट्रीशिया निघालेल्या बाळांचं डायरेक्ट बिलिरुबिन जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच वाढलेलं होतं. आकडा लहान होता, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता.

या सगळ्या यंत्रणेचा उपयोग बाळ वेळेत पोहोचलं तरच. भारतात अनेक बाळं यकृततज्ज्ञासमोर येतात तेव्हा तिसरा महिना उलटून गेलेला असतो. याचं एक कारण आपल्या चांगल्या चालीरीतीत दडलेलं आहे. बाळंतपण माहेरी होतं. तिसऱ्या दिवशी बाळाला पाहणारे डॉक्टर वेगळे, सव्वा महिन्यानंतर दाखवलं तर ते वेगळे, आणि तीन महिन्यांनी बाळ सासरी गेल्यावर तिथले डॉक्टर आणखी वेगळे. पिवळेपणा कधीपासून आहे आणि तो वाढतोय की कमी होतोय, हे सलग पाहणारा एकही वैद्यकीय डोळा नसतो. दरम्यान कुणीतरी काविळीची माळ घालतं, कुणीतरी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवतं, कुणी गुटीत काही उगाळून देतं. यातलं काहीही बुजलेली नलिका उघडू शकत नाही, पण दिवस मात्र खातं.

सलग पाहणारा डोळा एकच असतो, तो आईचा. तैवानने त्याच्यावर भरवसा ठेवला. जपानमध्ये तोचिगी प्रांतात १९९४ साली आकिरा मात्सुई यांनी शीच्या रंगांचं कार्ड आणलं होतं. नेहमीच्या आणि काळजीच्या रंगांचे फोटो शेजारीशेजारी छापायचे आणि आईने लंगोट बदलताना जुळवून पाहायचे. तैवानने २००२ साली ते काही भागांत वापरून पाहिलं आणि २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत घातलं. कार्डाआधी कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत होणाऱ्या बाळांचं प्रमाण सुमारे ४९ टक्के होतं, ते ६६ टक्क्यांवर गेलं. स्वतःच्या यकृतासह, कावीळ न राहता पाच वर्षं गाठणाऱ्या मुलांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर पोहोचलं. जपानने २०१२ पासून ते देशभर माता-बाल पुस्तिकेत आणलं. ब्रिटनमध्ये मुलांच्या यकृतविकारांसाठी काम करणाऱ्या संस्थेने १९९३ सालीच ‘यलो अलर्ट’ या नावाने मोहीम सुरू केली होती.

आपल्याकडे यासाठी वेगळी रचना उभारायची गरज नाही. आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. त्यांच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर आधीपासून आहेच. दीड महिन्याच्या लसीसाठी बाळ दवाखान्यात येतंच, आणि तो दिवस साठाच्या आतच असतो. लस टोचणाऱ्या व्यक्तीने शीचा रंग विचारला, लंगोटावर डाग पडतात का विचारलं आणि बाळाचे डोळे खिडकीशी नेऊन उजेडात पाहिले, तर त्यात दोन मिनिटं जातात. शी पांढुरकी असेल तर त्याच दिवशी टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिनसाठी रक्त घ्यावं, के जीवनसत्त्व द्यावं आणि बाळाला बालयकृततज्ज्ञ व बालशल्यविशारद दोघंही असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावं, मधल्या दोन डॉक्टरांकडे फिरवत बसू नये. अठ्ठाविसाव्या दिवशी कार्डावरचा काळजीचा रंग जुळला, तर सोनोग्राफी, बायोप्सी, गरज पडल्यास दुर्बीण आणि मग कासाई, या सगळ्यासाठी अजून पूर्ण महिना हातात असतो.